सोवळ्यातली मोटार

आमच्या नानामामांच्या मोटारीला शिवलेलं चालत नसे.

हे मी अलंकारिक भाषेत सांगत नाही. मी ठाण्याच्या एका शाळेत संस्कृत शिकवत असे. अलंकार कुठे संपतो आणि थाप कुठे सुरू होते, एवढं मला कळतं. त्या मोटारीला खरोखरच शिवलेलं चालत नसे. इंजिन चालू असताना बॉनेटला हात लावला की ती झटका देई, आणि झटका असा की खांद्यापासून करंगळीपर्यंत मुंग्यांची वरात निघे (बँडसकट).

मोटार मूळची एका संस्थानातली. संस्थान इतकं लहान की नकाशावर माशी बसली तर शेजारच्या दोन संस्थानांसह झाकलं जाई. नानामामा तिथे खाजगीकडचे कारभारी होते. म्हणजे राजवाड्यातले पडदे, घोडे, पाहुणे आणि लोणची यांची व्यवस्था त्यांच्याकडे असे. विलीनीकरण झालं, घोडे विकले गेले, पाहुणे यायचे थांबले आणि युवराज विलायतेला निघून गेले. जाताना त्यांनी निष्ठावंत सेवेची आठवण म्हणून आपली जुनी शर्यतीची मोटार मामांना दिली. मामा ती घेऊन ठाण्याला आले, नौपाड्यात आमच्या शेजारीच बिऱ्हाड केलं, आणि स्टेशनापासून घरापर्यंत येईतो ते 'माजी दिवाण' झालेले होते. (संस्थानचे खरे दिवाण वेगळे. पण ते नागपूरला स्थायिक झाल्यामुळे ठाण्यापुरती ती जागा रिकामीच होती.)

मोटारीचं नाक लांबच लांब, डोक्यावर छप्पर नाही, बॉनेटवर पैलवानाच्या कमरेला असावा तसा चामड्याचा पट्टा. बसायला जागा दोघांची. मागच्या बाजूला एक झाकण होतं. ते उचललं की आत तिसऱ्यासाठी एक लहानसं बाकडं निघे. त्यात बसलेला इसम गारुड्याच्या टोपलीतून डोकं काढलेल्या नागासारखा दिसे. तो इसम बहुतेक वेळा मी असे. फणा मात्र नसे.

एवढ्यावर मामा थांबले असते तर पुढचं काही घडलं नसतं. पण संस्थान गेलं तरी संस्थानचा मान राहिला पाहिजे, असं म्हणून त्यांनी गाडीला संस्थानच्या निशाणाचा डाळिंबी रंग द्यायचं ठरवलं. रंगाऱ्याला बजावून सांगितलं की बोटभरही जागा उघडी राहता कामा नये. रंगारी आज्ञाधारक निघाला. त्याने गाडी बाहेरून रंगवली, मग बॉनेट उघडून आतून रंगवली, चाकं रंगवली, नट रंगवले, बोल्ट रंगवले, वायरी जिथे जिथे लोखंडाला टेकतात तिथली टोकं सोडवून त्याखालची जागा रंगवली आणि टोकं परत आवळून वरूनही रंगवलं. रंग संपला म्हणून तो थांबला. नाहीतर जवळच उभ्या असलेल्या मामांचं काही खरं नव्हतं.

रंग वाळला आणि मोटारीच्या अंगात आलं.

ब्रेक दाबला की हॉर्न ओरडे. हॉर्न दाबला की पुढचे दिवे मिणमिणत. दिवे लावले तर काच पुसायचा हात एकदाच वर जाई आणि नमस्कार करावा तसा मध्येच थांबे. डावीकडे वळायची खूण केली की पेट्रोलचा काटा थरथरत वर चढून 'पूर्ण भरली' या जागी जाऊन बसे. हे शेवटचं मामांना फार आवडलं. पेट्रोल कमी झाल्याची शंका आली की ते डावीकडे वळत. (एकदा असे वळत वळत ते त्याच वाण्यासमोरून इतक्या वेळा गेले, की वाण्याने शेवटी उठून विचारलं, काही विसरलात का?) पण सगळ्यांत भयंकर होती चोकची मूठ. गाडी सुरू करताना ती ओढायची असते. ती इतकी तापे की मामांच्या बोटांना फोड आले. मामा धावत घरात आले आणि मामींना म्हणाले की गाडीला ताप आहे. मामींनी गाडीसाठी नाही, पण मामांसाठी काढा केला.

एरवी या सगळ्याची मजा वाटायला काही हरकत नव्हती. पण त्याच सुमारास शकूचं प्रकरण उपटलं.

शकू म्हणजे मामांची एकुलती एक मुलगी, माझी मामेबहीण. पदार्थविज्ञान घेऊन बी.एस्सी. झालेली. कल्याणच्या मुलींच्या शाळेत एक जागा रिकामी होती आणि तिच्यासाठी मुलाखतीला दोघांना बोलावलं होतं: एक शकू, आणि दुसरे खडवलीचे कोणी शास्त्रीबुवा. मुख्याध्यापिकाबाईंना शास्त्र शिकवणारी मुलगी हवी होती. शाळेच्या अध्यक्षांना संस्कृत शिकवणारे शास्त्रीबुवा हवे होते. जागा एकच.

इकडे मामांनी साताऱ्याकडचं एक स्थळ हेरून ठेवलं होतं. मुलगा इनामदार होता. इनामं जाऊ घातली होती, पण मिशा शाबूत होत्या, आणि त्यांची निगा राखणं हाच त्याचा उद्योग. शकूने त्याला पाहिलं होतं. ती मला म्हणाली, "दादा, त्याने माझ्याकडे एकदाही पाहिलं नाही. माझ्यामागे आरसा होता."

बऱ्याच रडारडीनंतर मामांनी दरबारी थाटात निकाल दिला. नोकरी मिळाली तर साताऱ्याला नकार कळवायचा. नाही मिळाली तर शकूने मुकाट्याने बोहल्यावर चढायचं. मामा स्वतःला फुगवून सांगत, पण दिलेला शब्द फिरवत नसत. फक्त एक अट त्यांनी घातली. ठाण्याहून कल्याणला आगगाडी जाते, हे त्यांना तत्त्वतः मान्य होतं. पण दिवाणांची मुलगी मुलाखतीला जाणार ती दिवाणांच्या मोटारीतून.

शकूने मोटारीकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. त्या क्षणी तिला साताऱ्याच्या मिशा स्पष्ट दिसत असाव्यात.

तिने आधी सरळ मार्ग करून पाहिला. मामांना ती म्हणाली, की वीज बॅटरीतून निघते तशी तिला लोखंडातून परत बॅटरीकडे यावं लागतं. मध्ये रंग आला की तिची वाट बंद होते आणि मग ती भलत्याच तारांतून, भलत्याच मुठींतून वाट काढते. तेव्हा बोल्टांखालचा रंग खरवडावा. मामांनी फक्त एक शब्द उचलला. निशाणाचा रंग खरवडायचा? पोटच्या मुलीने हे बोलावं? त्या दिवशी ते जेवले नाहीत. (संध्याकाळी आमच्याकडे येऊन जेवले.)

त्याऐवजी त्यांनी दगडू वायरमनला बोलावलं. दगडू घरांतून विजेचे दिवे बसवी आणि गणपतीत मांडवांची रोषणाई करी. मोटार त्याने आयुष्यात उघडली नव्हती, पण म्हणून त्याचं काही अडलं नाही. बॉनेट उचलून तो बराच वेळ आत बघत राहिला, एक तार ओढली, एक तार हुंगली आणि माझ्याकडे वळून म्हणाला, "मास्तर, गाडीचा अर्थ गेलाय."

"होता कधी?" मी विचारलं.

"तसा नाय. अर्थ म्हणजे जमिनीचा अर्थ. तुमच्या घरातल्या मीटरला नाय का असत? अर्थ लागला पायजेल. अर्थ लागत नाय म्हणून तर सगला गोंधल."

रोज मुलांना श्लोकांचा अर्थ लावायला शिकवणारा मी माणूस. या निदानाने मी इतका भारावलो की विरोध करायचं राहून गेलं. दुसऱ्या दिवशी दगडूने अंगणात एक खड्डा खणला, त्यात कोळसा आणि मीठ यांचे थर भरले, मध्ये लोखंडी नळी पुरली आणि नळीपासून जाड तार आणून मोटारीला बांधली. घराला अर्थ देतात तस्सा. खड्ड्यात रोज पाणी घालायला सांगून तो गेला. मामा रोज सकाळी संध्या झाली की उरलेलं पाणी तिथे ओतत. मामींनी तिथेच अळू लावलं. अळू फार छान आलं.

गाडी मात्र होती तशीच. शिवाय आता ती अंगणाला बांधलेली. शकूने विचारलं की या अर्थासकट कल्याणला जायचं कसं, तेव्हा दगडूला पुन्हा बोलावणं गेलं. त्याने थोडा विचार केला आणि पेट्रोलच्या टँकरला असते तशी एक लांब साखळी मोटारीच्या मागे लटकवून दिली. "आता अर्थ तुमच्याबरोबर चालंल," तो म्हणाला.

झटक्यांचा शोध याच दिवसांत लागला. शुक्रवारी मामी हळदकुंकू घेऊन गाडीची पूजा करायला गेल्या. आंघोळ करून आलेल्या, हात ओले, आणि मामा आत बसून इंजिन घरघरवत होते. मामींनी बॉनेटला कुंकवाचं बोट लावलं मात्र. कुंकू, ताम्हन आणि मामी तीन दिशांना गेल्या. सावरल्यावर त्या घरात गेल्या, लोकरीची धाबळी गुंडाळून परत आल्या आणि धाबळीचा पदर हाताभोवती घेऊन पुन्हा बोट टेकवलं. काही झालं नाही. पुन्हा टेकवलं. काही नाही.

मामींनी आमच्याकडे पाहिलं. गुरुत्वाकर्षणाचा शोध लागला तेव्हा तो लावणाऱ्याचा चेहरा तसाच झाला असावा.

"हिला सोवळं लागतं," त्या म्हणाल्या.

ही खुळी समजूत आहे, असं मी स्पष्ट सांगितलं. मी चार पुस्तकं वाचलेला माणूस. अशा वेळी बोलणं माझं कर्तव्यच होतं. एवढंच नव्हे, मी प्रयोग करून दाखवायचं ठरवलं. साध्या सुती धोतरात, मामा इंजिन चालू करून बसलेले असताना, मी बॉनेटवर तळहात ठेवला. जो शब्द माझ्या तोंडून निघाला तो कोशात आहे, पण वर्गात सांगता येत नाही. मग मामींच्या आग्रहावरून मी मामांचा रेशमी मुकटा नेसून आलो आणि पुन्हा हात ठेवला. अगदी गार लोखंड. मी चाटच पडलो. माझी चार पुस्तकं माझ्या डोळ्यांदेखत कोलमडली.

मी मुकटा नेसायला गेलो तेवढ्यात मामांनी इंजिन बंद केलं होतं, हे माझ्या लक्षात आलं नाही. शकूच्या आलं. पण ती बोलायला लागली तशी मामींनी तिला नारळ खवायला आत पाठवलं.

अशा रीतीने मुलाखतीच्या सकाळी आम्ही निघालो. मामा स्टिअरिंगच्या चाकापाशी: जांभळा मुकटा, अंगावर शालजोडी, डोक्याला जरीचा रुमाल. शेजारी शकू, मामींच्या सोवळ्याच्या पैठणीत, मांडीवर प्रमाणपत्रांची पिशवी आणि चेहऱ्यावर गावाला निरोप दिल्यासारखा भाव. मागच्या टोपलीत मी: लाल मुकटा, उघड्या अंगावर उपरणं, हातात पाण्याचा तांब्या (रेडिएटरसाठी). ब्रेक दाबला की हॉर्न वाजत होता आणि मागे साखळी खळखळत होती. लोक दारं उघडून बाहेर येत. एका म्हाताऱ्याने तर टोपी काढून हात जोडले. त्याला काय वाटलं, ते विचारायला आम्ही थांबलो नाही, कारण थांबलो तर पुन्हा सुरू होण्याची खात्री नव्हती.

कळव्याच्या पुलावर साखळीतून ठिणग्या उडायला लागल्या. मिठागराकडे निघालेल्या बायका डोक्यावरच्या टोपल्या सावरत कठड्याला चिकटल्या. "आगो बाय, भटांची गारी पेटली गो," त्यांतली एक म्हणाली, आणि दुसरीने तिला शांतपणे सांगितलं की पेटली तर भटं उतरली असती. मामांनी ते ऐकलं नाही. मी ऐकलं आणि उतरायचा विचार केला. पण टोपलीतून चालत्या गाडीत उतरता येत नाही.

मुंब्र्यापर्यंत साखळीने एक नारळाची झावळी, जाळ्याचा तुकडा आणि कोणाची तरी वहाण गोळा केली होती. या लवाजम्यानिशी आम्ही शिळफाट्यावर डावीकडे वळलो. वळायची खूण केल्याबरोबर पेट्रोलचा काटा 'पूर्ण' वर गेला, मामा प्रसन्न झाले, आणि डोंबिवलीच्या अलीकडे एका चढावर, दोन्ही बाजूंना नुसती शेतं असताना, मोटार बंद पडली.

तशी बंद ती पूर्वीही पडे, पण काहीतरी आवाज करून. या वेळी काहीच नाही. हॉर्न नाही, दिवे नाहीत, काटासुद्धा खाली मान घालून पडलेला. उन्हं वर चढली होती. मुलाखतीची वेळ जवळ येत चालली होती आणि डोंबिवलीचं स्टेशन पायी गाठायचं तर पैठणीत तासभर लागला असता. शकू रस्त्याकडे पाहत बसली. इनामदार घोड्यावरून येताना दिसतोय की काय, असं.

मामांनी खाली उतरून साखळीची पाहणी केली आणि निदान केलं. रस्ता धुळीचा, कोरड्या धुळीत अर्थ लागणार कसा? अंगणात रोज पाणी घालत होतो, इथे कोण घालणार? माझ्या हातात तांब्या होता.

तर शिळफाटा आणि डोंबिवली यांच्या मध्ये, लाल मुकटा नेसून, मी रस्त्याला पाणी घालत होतो. तांब्या संपला की शेतातल्या विहिरीवर जायचं, भरून आणायचा, साखळीच्या टोकाशी ओतायचा. मामा बाजूला उभे राहून "अजून थोडं पूर्वेकडे" वगैरे सूचना करत होते. एक बैलगाडी आली. गाडीवानाने गाडी थांबवली, बराच वेळ पाहिलं आणि मग आदराने विचारलं, की हे कोणत्या देवाचं. मामा म्हणाले, विजेचं. त्याने हात जोडले आणि रस्ता सोडून शेतातून गाडी घातली.

मी पुन्हा पाणी घेऊन आलो तेव्हा शकू मोटारीच्या पोटाशी वाकलेली दिसली. पैठणीचा पदर खोचलेला, एका हातात गाडीतला पाना, दुसऱ्या हातात केसांतला आकडा. आणि ती बॅटरीच्या तारेचा बोल्ट सैल करून त्याखालचा डाळिंबी रंग कराकरा खरवडत होती. मी तोंड उघडलं. "दादा, तू पाणी घाल," ती म्हणाली, "आणि नानांना तिकडेच ठेव."

मी पाणी घातलं. तिने बोल्ट आवळला, आकडा केसांत खोचला आणि साध्वीसारखी जागेवर जाऊन बसली. मामांनी चावी फिरवली. गाडी पहिल्याच हिसक्याला सुरू झाली. चोकची मूठ गार होती. हॉर्न दाबल्यावर हॉर्न वाजला आणि ब्रेक दाबल्यावर काहीही वाजलं नाही. गाडी नुसतीच थांबली, जे आम्हाला अगदीच नवीन होतं. "पाहिलंस?" मामा मला म्हणाले. "पाणी." मी मान डोलावली. रंग खरवडताना मी स्वतः डोळ्यांनी पाहिलं होतं, तरी इतक्या खेपा घातल्यानंतर थोडंफार श्रेय पाण्याला असेलच असं मला वाटत होतं.

फक्त पेट्रोलचा काटा आता खरं बोलायला लागला. टाकी जवळजवळ रिकामी होती. मामा डावीकडे वळायची खूण करून पाहत होते, पण काटा ढिम्म हलेना. त्यांना त्याचं फार वाईट वाटलं.

मी शकूला हळूच विचारलं, की आता झटकेही बंद झाले का. ती म्हणाली, तो रोग निराळा. प्लगकडे जाणाऱ्या तारेचं रबर तडकलंय, ती बॉनेटला घासते. त्याला आत्ता वेळ नाही, कोणी हात लावला नाही म्हणजे झालं.

आम्ही शाळेच्या फाटकातून आत शिरलो तेव्हा शाळेचं सगळं चालक मंडळ ओसरीवर येऊन उभं होतं. खडवलीचे शास्त्रीबुवा अजून आले नव्हते. मंडळी त्यांचीच वाट पाहत होती. आणि फाटकातून आत आलं काय, तर जांभळ्या मुकट्यातले एक वयोवृद्ध आणि लाल मुकट्यातले एक तरुण, हातात तांब्या. अध्यक्ष स्वतः पायऱ्या उतरून आले. भरदार गृहस्थ, पगडी, उपरणं, घड्याळाची साखळी. चालण्यात असा डौल की स्वतःच्या मिरवणुकीत स्वतःच पुढे चाललेत. मामांनी इंजिन बंद केलेलं नव्हतं. अध्यक्षांनी "या, या" म्हणत एक हात आमच्याकडे केला आणि दुसरा बॉनेटवर टेकवला.

पगडी आधी उडाली. मग अध्यक्ष.

त्यांना सावरायला मी टोपलीतून झेप घेतली. या घटनेतलं माझं हे एकमेव शौर्य. एका हाताने मी अध्यक्षांचं मनगट धरलं आणि तोल जाऊ नये म्हणून दुसरा हात जिथे टेकवायचा नाही नेमका तिथे टेकवला. रेशमी मुकटा नेसलेला होता, सोवळ्यात कसूर नव्हती. तरीही माझे दात एकमेकांवर आपटून जीभ मध्ये सापडली, आणि अध्यक्षांना आणखी एक झटका बसला तो माझ्यामार्फत. मामींचा सिद्धान्त तिथे कायमचा खोटा ठरला. पण ते पाहायला मामी नव्हत्या, आणि मला सांगायला जीभ नव्हती.

अध्यक्षांना खुर्चीत बसवलं, पाणी पाजलं. छातीवर हात ठेवून ते सर्वांकडे शेवटचं पाहत होते. आधी शकूला आत बोलावलं. मुख्याध्यापिकाबाईंनी फार विचार केला नाही. त्यांनी एवढंच विचारलं, की आत्ता बाहेर जे झालं ते का झालं? मी दाराशीच होतो. शकूने तडकलेलं रबर, ठिणगीची वाट, घामाने ओला झालेला हात, सगळं इतक्या साध्या शब्दांत सांगितलं की अध्यक्षांनी छातीवरचा हात काढला. हृदयविकार नाही हे ऐकल्यावर माणसाला कोणतंही शास्त्र पटतं. तरी त्यांचं मन संस्कृतकडेच होतं. शकू बाहेर आली, शिपाई बाहेर आला आणि माझ्या दंडाला धरून म्हणाला, "चला शास्त्रीबुवा."

मी शास्त्रीबुवा नाही, असं मी आत जाऊन सांगितलं. निदान सांगायचा प्रयत्न केला. सुजलेल्या जिभेने ते 'मी छाछ्त्रीबुआ आई' असं काहीसं निघालं. अध्यक्ष समाधानाने हसले आणि शेजारच्याला म्हणाले, की पाहा, विद्या विनयाने शोभते. मग त्यांनी परीक्षेसाठी शब्द शोधायला सुरुवात केली. त्यांच्या बोटांना अजून मुंग्या येत असाव्यात, कारण सगळ्या संस्कृत भाषेतून त्यांना एकच शब्द सुचला.

"विद्युत्," ते म्हणाले. "हा शब्द चालवा."

आता इथे कोणताही शहाणा माणूस मुकाट्याने उठून बाहेर गेला असता. मी बरोबर उत्तरं दिली तर जागा शास्त्र्यांच्या नावावर जाणार, शकू साताऱ्याला जाणार, हे मला लख्ख दिसत होतं. पण मी संस्कृतचा मास्तर. मला कोणी "शब्द चालवा" म्हणावं आणि मी गप्प बसावं? सैनिकाला तुतारी ऐकू येते तसं मला झालं. मी ताठ बसलो, उपरणं सावरलं आणि सुरुवात केली. विद्युत्, विद्युतौ, विद्युतः. प्रथमा गेली. द्वितीया गेली. तृतीयेला 'विद्युता' म्हटलं आणि पुढे 'विद्युद्भ्याम्' आलं. हे रूप मी दरवर्षी मुलांकडून पाठ करून घेत असे, आणि चुकणाऱ्याला बाकावर उभं करत असे. माझी जीभ 'द्भ्या'पाशी गेली, अडखळली, मागे आली, पुन्हा धावली. विद्युब्द्या. विद्युभ्द्या. विद्युद्ब्या... खोलीत कोणी खोकलं. मी घामाघूम झालो.

अध्यक्षांना दया आली. त्यांनी सोपा प्रश्न टाकला: निदान शब्दाचं लिंग तरी सांगा.

विद्युत् स्त्रीलिंगी आहे हे मला झोपेतही सांगता आलं असतं. दुर्दैवाने मी जागा होतो. घाबरून मी म्हणालो, "नपुंसकलिंगी."

अध्यक्षांनी पगडी डोक्यावर नीट बसवली, मुख्याध्यापिकाबाईंकडे वळले आणि एका दमात निकाल दिला, "बाई, या शास्त्र्यापेक्षा ते शास्त्र बरं." शकूला तिथल्या तिथे नेमणूक मिळाली. (खडवलीचे खरे शास्त्रीबुवा शेवटपर्यंत आलेच नाहीत. एका मुंजीत ते जेवायला अडकले, असं पुढे कळलं.)

मामांनी शब्द पाळला. घरी पोचल्यावर पोशाख न उतरवता त्यांनी साताऱ्याला नकार लिहून टाकला. मग ओसरीवर सगळ्यांना जमवून त्यांनी हकिगत सांगायला घेतली. मी आत गेलो होतो, चुकलो होतो, आणि त्यामुळे शकूला जागा मिळाली, एवढं त्यांना कळलं होतं. उरलेलं त्यांनी दरबारी रीतीने भरून काढलं. वसंताने (म्हणजे मी) बहिणीसाठी आपल्या विद्येवर पाणी सोडलं. मुद्दाम, समजून उमजून, भर सभेत स्वतःची फजिती करून घेतली. असा भाऊ मिळायला पूर्वपुण्य लागतं. मामींनी डोळे पुसले आणि मला ओवाळायला तबक आणलं. आईचाही ऊर भरून आला. मी पाटावर बसून, थोर माणसं अशा वेळी बघतात तसा जमिनीकडे बघत होतो.

अक्षता टाकायला शकू वाकली आणि मला एकट्यालाच ऐकू जाईल अशा बेताने म्हणाली, "दादा, मुद्दाम चुकायचं ठरवलं नाहीस, हेच माझं नशीब. तसं ठरवलं असतंस, तर सगळी रूपं बरोबर आली असती."